तिसरा ठिपका

नथूआबांच्या डाव्या हातावर केस नव्हते. उजवा हात अस्वलाचा वाटावा इतका केसाळ, आणि डावा मात्र मनगटापासून कोपरापर्यंत साफ गुळगुळीत. नवा माणूस भेटला की त्याची नजर हटकून त्या हाताकडे जायची. भाजलं असेल का, काही रोग असेल का, असल्या शंका त्याच्या चेहऱ्यावर उमटायच्या. आबांना ते कळायचं, पण खुलासा करायचे नाहीत. एखाद्याने फारच टक लावली तर खिशातून घडीचा चाकू काढून उघडायचे, डाव्या हातावरून हलकेच फिरवायचे आणि पुन्हा मिटून खिशात टाकायचे. समोरचा दोन पावलं मागे सरकायचा.

आबा जातीने लोहार, राहणार जळगाव. त्यांचं भट्टीचं छप्पर माझ्या दुकानामागच्या गल्लीत होतं. माझं दुकान लोखंडी सामानाचं. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी वडिलांनी मला गल्ल्यावर बसवलं, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाकी मालाची बोलणी कर. आबांच्या चाकूची करू नको. ते देतील तेवढे घे." मला तेव्हा हा धंदा वाटला नाही, भिक्षा वाटली. पुढे कळलं की वडील बरोबर सांगत होते.

आबांचा चाकू दिसायला देखणा नव्हता. भुसावळच्या भंगारातून आणलेल्या गाड्यांच्या कमानींचं पोलाद, म्हशीच्या शिंगाची मूठ, आणि पात्याच्या बुडाजवळ एका ओळीत तीन ठिपके. बस्स, नाव नाही, गाव नाही. पण अख्ख्या पूर्व खानदेशात शेतकऱ्याला चाकू हवा असला की तो "तीन ठिपक्यांचा द्या" म्हणायचा. बैलाची कासरा-दोरी तोडायला, केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, म्हणजे पील, काढायला, कैरी चिरायला, तंबाखू कातरायला, सगळ्याला तोच.

हे तीन ठिपके आबा एकदम मारत नसत. पात्याला पाणी दिलं, ते बरोबर उतरलं, की पहिला. मूठ बसली, तिच्यातली कमान लागली, पातं 'खट' करून उघडलं-मिटलं, की दुसरा. मग तो चाकू आबांच्या कमरेला चार दिवस राहायचा. त्याने ते सुतळी कापायचे, बाभळीची काडी तासायचे, जेवताना कांदा चिरायचे, आणि शेवटी डाव्या हातावरून फिरवायचे. इतकं होऊनही केस निघाला, तर तिसरा ठिपका. त्या हातावर केस का नव्हते ते आता वाचणाऱ्याला कळलं असेल.

एका शाळामास्तरांना एकदा घाई होती. दोन ठिपक्यांचा चाकू छपरात टांगलेला दिसला, तोच द्या म्हणाले, एक ठिपका कमी असला म्हणून काय बिघडलं. आबांनी चाकू काढून त्यांना दाखवला आणि परत टांगला.

"याले तिसरा ठिपका नही शे, मास्तर. हाऊ आजून मनाच नही, ते तुमना कसा व्हई?"

मास्तर चिडून निघून गेले आणि चार दिवसांनी आले.

रावेरच्या एका केळीवाल्या पाटलांची गोष्ट तर बाजारभर झाली होती. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि वरपक्षाच्या मानकऱ्यांना नारळ-टॉवेलाबरोबर एकेक चाकू द्यायची त्यांना हौस आली. पंचवीस सांगितले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी पाटील रेल्वेने येऊन हजर, तर आबांनी एकोणीस पुढे ठेवले. पाटलांचा पारा चढला. मानकरी पंचवीस आहेत, उरलेल्या सहांना काय तोंड दाखवू, असं ते ओरडत होते. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पंचवीस मांगात, एकोनीस व्हयनात," ते म्हणाले. "बाकीना सहा पाव्हना नुसता जेवीसन जातीन."

पाटील शिव्या देत गेले, पण एकोणीस चाकू घेऊनच गेले. नंतर दर वर्षी जळगावला आले की आबांच्या छपरात टेकून चहा घ्यायचे आणि उरलेल्या सहा चाकूंची चौकशी करायचे.

त्या सहांचं काय होई, ते सांगायला हवं. चाकू कुठल्याही टप्प्यावर नापास झाला की आबा मूठ सोडवायचे. पात्याचं जे बूड मुठीत झाकलं जातं, त्यावर छिन्नीने एक आडवी चीर मारायचे आणि पातं कोपऱ्यातल्या मातीच्या घागरीत टाकायचे. मी एकदा विचारलं की खूणच करायची तर धारेवर करा, म्हणजे पुन्हा वापरायची भीती नाही. आबांना ते आवडलं नाही. "त्यानं तोंड कसाले बिघाडू?" म्हणाले. "चूक मनी. बुडाले खून करी दी, माले समजनं, बस."

खंडेनवमीला सगळा गाव आपापली चांगली हत्यारं पुसून पुजतो. आबा त्या दिवशी घागर पालथी घालायचे. वर्षभराची नापास पाती पाटावर मांडायची, एकेकाला हळद-कुंकू लावायचं, आणि प्रत्येक हातात घेऊन कुठे चुकलं ते स्वतःशी पुटपुटायचं. दसऱ्यानंतर त्यांची खुरपी आणि खिळे व्हायचे. लोक हसत. मीही हसलो होतो.

"ज्या चांगल्या व्हयनात त्या जगमां फिरतस," आबा म्हणाले. "ह्या घरमां रायन्यात. ह्यासले कोन पुजी?"

आता सुकलाल नानांकडे येतो. नाना धुळ्याचे, तेही लोहार, तेही घडीचे चाकू करणारे. नानांच्या चाकूवर चांदणीचा छाप असे. आबा आणि नाना एकमेकांना पाण्यात पाहतात असं जळगावात आणि धुळ्यात दोन्हीकडे ठरून गेलं होतं. दोघांचं वागणंही तसंच होतं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत दोघांची दुकानं समोरासमोर लागत, आणि जत्रेच्या शेवटच्या दिवशी एक तमाशा होई. नाना उठून आबांच्या दुकानातला एक चाकू उचलत, आबा नानांचा. मग दोघं भर बाजारात, समोरच्याच्या चाकूने काड्या तासत, दोऱ्या कापत, पन्नास पन्नास वेळा उघडमीट करत. लोकांचा गराडा पडे. कुणी हरल्या-जिंकल्याची घोषणा करत नसे. प्रत्येकजण दुसऱ्याची खोड सांगे आणि चाकू जमिनीवर ठेवून निघून जाई. हातातून हातात धारेची वस्तू दिली की भांडण होतं, संबंध तुटतात, हा समज आपल्याकडे आहेच. आबा तर तो इतका पाळत की गिऱ्हाइकालाही चाकू कधी हातात देत नसत. पोत्यावर ठेवायचे, मग गिऱ्हाइकाने उचलायचा.

एका वर्षी नाना एवढंच म्हणाले, "नथू, तुनी कमान थकस." आबांचा चेहरा पडला. जळगावला आल्यावर त्यांनी जत्रेतून उरलेले सगळे चाकू सोडवले आणि महिनाभर नव्या कमानीच करत बसले. माझ्या दुकानात त्या महिन्यात एक चाकू आला नाही. दुसऱ्या वर्षी आबांनी नानांच्या चाकूची, पातं मुठीत धरणारी खीळ ढिली पडते हे दाखवलं, आणि त्यानंतर धुळ्याच्या चाकूला पितळेची जाड खीळ दिसू लागली. मी एकदा आबांना डिवचलं, की नाना तुमचा एवढा दुस्वास करतात तरी तुम्ही त्यांचं ऐकता. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी गल्ल्यावर बसायला नालायक आहे.

"मना चाकू बिघडना ते पहिले नाना सांगस," ते म्हणाले. "देव त्याना मांगून सांगस."

मग उत्तरेकडचे चाकू यायला लागले. पत्र्यातून ठोकून काढलेले, रंगीत मुठींचे, आबांच्या निम्म्या भावाचे. वर्षभरात मोडायचे, पण वर्षभर चकाकायचे. त्यातच मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मला विचारलं, तीन ठिपक्यांचा माल मिळेल तेवढा घेतो, पण थोडाथोडका नको. आबांना एकट्याला ते झेपणारं नव्हतं आणि नानांनाही नव्हतं. दोघांनी एक व्हावं ही अक्कल माझी. मीच जळगाव-धुळे खेपा घातल्या, मीच दोघांना समजावलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं बाजारात जो तो ऐकवत होता. मी त्यांना हसत होतो. तलवारी नव्हेत, चाकू आहेत, आणि तेही मिटणारे, असलं काहीतरी मी बोलायचो. स्वतःच्या त्या चलाखीची आज मला शिसारी येते.

जळगाव नको, धुळे नको, म्हणून नरडाण्याला स्टेशनाजवळ एक शेड घेतली. आबांनी भट्टी आणि पाणी सांभाळायचं, नानांनी जोडणी आणि विक्री. छाप तीन ठिपक्यांचाच ठेवायचा. आता तिसरा ठिपका कोणी मारायचा यावर घोळ होईल असं मला वाटलं होतं, पण आबांनीच तो सोडवला. माझ्या चाकूची खोड मला दिसत नाही, नानाला दिसते, म्हणून तपासणी नानांनी करायची, असं ते म्हणाले. आणि ठिपके मारायचा कमरेचा ठसा काढला. बोटभर लांबीचा, टोकदार, तीस वर्षं त्यांच्या मुठीत झिजलेला. नानांनी जमिनीकडे बोट दाखवलं. आबांनी मान हलवली आणि ठसा सरळ नानांच्या तळहातावर ठेवला.

"आते कसानं भांडन, नाना? एकच घर शे."

नानांचे डोळे भरले होते. ते खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही.

सहा महिन्यांनी मी माल पाहायला नरडाण्याला गेलो. शेडच्या मागच्या अंगाला आबा भट्टीशी होते. पुढच्या अंगाला नाना मला हाताला धरून एका दाबयंत्राकडे घेऊन गेले. त्यांनी एक कोरं पातं खाली सरकवलं, दांडा ओढला, आणि तीनही ठिपके एका दणक्यात उमटले. पाण्याचाही, कमानीचाही, आणि चार दिवस कमरेला लावून फिरायचाही. पात्याला अजून मूठसुद्धा नव्हती.

"आबांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"गिऱ्हाईकले ठिपका मोजता येतस, भाऊ. पानी मोजता येत नही," नाना म्हणाले. सावकाश, समजुतीच्या सुरात. मुंबईवाल्याची तार आली होती, आपल्या दोन्ही पोरांना नानांनी याच कामात घातलं होतं. "आबाले आत्ते सांगं ते बठ्ठं काम थांबी जाई. दिवाळी व्हऊ द्या, मीच सांगसू."

नथूची कमान थकते असं भर बाजारात सांगणारा हा माणूस. मला चीड आली. पण मुंबईच्या व्यापाऱ्याला शब्द मी दिला होता, आणि दिवाळी काही फार लांब नव्हती. मागच्या दाराने जाऊन आबांना भेटलो, चहा घेतला, हवापाण्याचं बोललो आणि गाडी पकडली.

त्यानंतरच्या खंडेनवमीला आबांनी मला मुद्दाम बोलावलं. शेडमध्ये पाट मांडला होता. घागरीत यंदा फक्त त्यांची स्वतःची, पाणी चुकलेली पाती होती. नानांच्या तपासणीतून नापास होऊन एकही परत आलं नव्हतं. पूर्वी खरी गळती व्हायची ती तिसऱ्या ठिपक्यालाच. आबा हरखून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पेढे आणले होते.

"नानानी बाजूनं एकबी पातं पडनं नही," ते मला पेढा देत म्हणाले. "दोन हात एक व्हयनात ते असं व्हस, भाऊ. मी तीस साल येडासारखा एकला करत बसनू."

पेढा देणारा हात डावा होता, कारण उजव्याला कुंकू लागलेलं होतं. त्या हातावर काळी लव उगवली होती. मी ती पाहिली आणि पेढा खाल्ला. नाना कोपऱ्यात उभे होते, त्यांनीही खाल्ला. पूजा झाल्यावर ते म्हणाले, आता खुरपी करत बसायला आपल्याला सवड कुठे, ही पाती भंगारात घालू. त्यांनी घागर उचलून पुढच्या अंगाला नेली. आबांनी नुसती मान डोलावली.

दिवाळी आली आणि गेली. नानांनी काही सांगितलं नाही, मीही नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी आबा जळगावला माझ्या दुकानात बसले होते आणि रावेरचे तेच पाटील आले. त्यांनी रुमालात गुंडाळलेला चाकू गल्ल्यावर ठेवला. केळीचं पील काढताना खीळ निघाली, पातं मुठीतून सुटलं आणि त्यांच्या गड्याच्या तळहातात शिरलं होतं. पाटील या वेळी ओरडत नव्हते, त्याचंच मला भय वाटलं.

"आबा, त्या सहापैकी एक मले दिलात का तुमी?" त्यांनी विचारलं.

आबांनी पातं उचललं. तीनही ठिपके ठसठशीत, एका मापाचे, सरळ ओळीत. आबांचे ठिपके इतके सरळ कधीच नव्हते. मग त्यांनी बूड फिरवून पाहिलं. छिन्नीची आडवी चीर तिथे होती. आणि चिरेच्या आत तांबडं काहीतरी अडकलं होतं.

"गंज असेल," मी म्हणालो.

आबांनी नखाने ते खरवडलं, बोटावर घेतलं, आणि माझ्यापुढे धरलं. ते कुंकू होतं.

पातं त्यांनी पुन्हा रुमालात गुंडाळलं. मग त्यांनी पाटलांना हात जोडले, गड्याचा हात कसा आहे ते विचारलं. पाटील गेल्यावर माझ्याकडे वळले.

"तुले मालूम व्हतं ना, भाऊ?"

खोटं बोलायला मला दोन-तीन क्षण मिळाले होते, आणि तेवढ्यात माझ्याच्याने ते जमलं नाही. नानांनी फसवलं हे तर खरंच. पण नानांनी निदान पोरांसाठी फसवलं. मी फक्त बोलायचं टाळण्यासाठी फसवलं.

दुसऱ्या दिवशी आबा नरडाण्याला गेले, मी मागोमाग गेलो. भांडण झालं नाही. आबांनी ते पातं नानांपुढे ठेवलं आणि विचारलं, "मना चाकूनी खोड तू सांगत व्हतास, नाना. आते कोन सांगी?"  खाली पाहतच नानांनी खण उघडला, आबांचा जुना ठसा काढला आणि जमिनीवर ठेवला. घेऊन जा, आता तो लागत नाही, म्हणाले. आबांनी तो उचलला नाही. भट्टीजवळची आपली चिमटा-हातोडी घेतली आणि स्टेशनाकडे चालू लागले. गाडीत मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसलो होतो. जळगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.

तीन ठिपक्यांचा चाकू पुढे दोन-तीन वर्षं धडाक्यात खपला, माझ्या दुकानातूनही खपला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग लोकांना कळलं. शेतकरी म्हणायला लागला, ठिपके नको, दुसरा कुठलाही दाखवा. शेड बंद झाली. आबांनी तोवर जळगावचं छप्पर विकलं होतं आणि ते कुठे गेले ते गल्लीत कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

ते मला पुन्हा दिसले रावेरच्या बाजारात. केळीच्या मालमोटारी भरत होत्या त्याच्या बाजूला, निंबाखाली. पायाने फिरवायचं धारेचं चाक पुढ्यात, आणि भोवती केळी तोडणाऱ्या मजुरांची रांग. आबा खूप वाळले होते. एकेकाने पोत्यावर चाकू-विळा ठेवायचा, आबांनी उचलायचा, धार लावायची, डाव्या हातावर फिरवून पाहायची आणि परत पोत्यावर ठेवायचा. तो हात पुन्हा स्वच्छ झाला होता.

तीन ठिपक्यांचा चाकू आला की मात्र धार लावण्याआधी ते कानस घ्यायचे. आणि तिसरा ठिपका घासून काढायचे. सावकाश, पुरता नाहीसा होईपर्यंत. एका पोरसवदा मजुराने विचारलं, बाबा, हे काय करता. "हाऊ मना नही शे," आबा म्हणाले आणि पायाने चाक फिरवायला लागले.

मी रांगेत उभा राहिलो. माझ्या खिशात त्यांचा एक चाकू होता, नरडाण्याच्या आधीचा, वडिलांच्या वेळचा. माझी पाळी आल्यावर मी तो पोत्यावर ठेवला. आबांनी उचलला, उघडला. ठिपके वाकडेतिकडे होते. त्यांनी अंगठा त्या तीन ठिपक्यांवरून एकदा फिरवला. धार लावायची गरज नव्हती, तरी डाव्या हातावरून फिरवून पाहिला. केस नव्हतेच तिथे, पण त्यांना जे कळायचं ते कळलं. कानसेला त्यांनी हात लावला नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. ओळखलं. मला काही बोलायचं होतं, काय ते आज आठवत नाही.

आबांनी चाकू पोत्यावर ठेवला नाही. तसाच उघडा माझ्या हातात दिला, आणि माझ्या मागच्याला म्हणाले, "पुढला आन रे."